साडेतीनचं पाणी

आमच्या गल्लीत पाणी पहाटे साडेतीनला येतं,
चार वाजून दहा मिनिटांनी जातं.
नळाला आधी खोकला येतो,
मग नुसती हवा, मग गढूळ, मग जरा बरं.
एवढं होईस्तोवर मी पायरीवर बसते
शाल डोक्यावरून घेऊन.

डिसेंबरची तेरा असेल नाहीतर चौदा.
मार्केट यार्डाकडून हळदीच्या पोत्यांचा वास,
कारखान्याच्या वाटेवर एखादा ट्रॅक्टर,
बाकी सांगली झोपलेली.

आधी वाटलं मगदुमांची म्हैस सुटली.
म्हटलं सुकुमारला हाक मारावी.
मग ते दिव्याखाली आलं
आणि म्हशीत मावेना.

खांदा आवट्यांच्या खिडकीला लागलेला.
चारी पाय गुडघ्यापासून खाली पांढरे,
शाळेतल्या पोरानं मोजे वर ओढावेत तसे.
एका शिंगाला उसाचा पाला गुंडाळलेला, हिरवा,
नुकताच.

तो पाला बघितला आणि कळलं कुठून आलाय.
चांदोलीपासून इथवर ऊसच की सगळा.
आत शिरला असेल पावसाळ्यात,
जंगलच समजून राहिला असेल.
मग कोयते आले.
रोज सरी सरीनं छप्पर कमी होत गेलं,
तो पुढे, तोडकरी मागे,
आणि शेवटच्या फडाच्या कडेला डांबर लागलं.

मी ओरडले नाही.
ते काही धाडस नव्हे, घसाच नव्हता.

त्यानं माझ्या बादलीत तोंड घातलं.
निळी बादली, कड फुटलेली,
ह्यांनी खिळ्यानं नाव कोरलेलं तिच्यावर, स्वतःचं,
चोरीला जाते म्हणून.
पाणी वर ओढल्याचा आवाज,
पाठीवरून वाफ,
आणि नळ मधल्या मधे त्याच्या कपाळावर पडतोय,
त्याला त्याचं काही नाही.
बादली तळाला गेली.
त्यानं मान वर केली.
डोळा केवढा, आणि त्यात आमचा म्युनिसिपालटीचा दिवा.

मी दुसरी बादली पायानं पुढे सारली.

चार दहाला पाणी गेलं, तोही गेला,
यार्डाच्या दिशेनं, घाई नसल्यासारखा.

सातला अख्खी सांगली रस्त्यावर.
कुणी म्हणे गवा, कुणी म्हणे बिबट्या,
कुणी म्हणे दोन आहेत, एक गाभण.
भोंग्यावरून सांगत होते घरातच थांबा,
ते काय सांगतायत ऐकायला लोक बाहेर आले.
गच्च्या भरल्या, पत्रे वाकले,
मगदुमांचा दर्शन शिट्टी मारून मारून बसला घशानं.
दोन गोदामांच्या बोळात तो उभा,
पुढे भिंत, मागे मोबाईल.
जाळी आली, दोर आले, कोल्हापूरहून डॉक्टर आला.
मी गेले नाही.
गच्चीवरून फक्त वाफ दिसली, बोळाच्या तोंडाशी,
ऊन चढल्यावर तीही दिसेना.

रात्री गाडीत घातला म्हणतात.
कुठे सोडला ते जो तो वेगळं सांगतो.

आवटी वहिनी संध्याकाळीच आल्या होत्या,
"तुम्ही तर रोज साडेतीनला उठता,
ह्याच गल्लीतनं गेला म्हणे, खुर उमटलेत,
तुम्हाला नाही दिसला?"
म्हटलं, धुकं होतं.
"आज कुठलं धुकं?"
म्हटलं, आमच्या दाराशी होतं.

बादलीच्या कडेला लाळेची तार वाळलेली,
तिच्यात उसाचं एक कुसळ.
घासायला घेतली, काथ्या हातात धरला,
आणि तशीच उपडी घातली उन्हात,
नाव वरच्या बाजूला.

त्या दिवशीचं धुणं राहिलं ते राहिलंच.
सुनेनं विचारलं, दोन बादल्या कमी कशा?
सांगितलं, आज दाब नव्हता पाण्याला.