त्रेचाळीसास आठ

टायर घेतले वेतन आयोगाच्या फरकातून,
एकतीस इंची, खांद्यावर खाचा असलेले,
आणि जीप लावली फाटकाबाहेर
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी अशी.
चार दिवस तिनं माझं ऐकलं.
पाचव्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात,
जिथं ती तिसऱ्यावर गुणगुणत चढायची,
दुसरा मागितला, मग पहिला,
मग क्लचचा करपट वास
आणि मागून एसटीचा हॉर्न.

कोडोलीच्या एमआयडीसीत, दोन लेथच्या मधल्या बोळात
इस्माईल शिकलगार.
आजोबा विळ्यांना धार लावत गावोगाव फिरले,
नातवानं एका जागी बसून दात मोजले.
टायरवर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.
"पाय वाढवलं बाई,
दात हाय तेवढंच ठिवलं.
घास मोठा झाला की वो. चावणार कशानं?"

हाउसिंग उघडलं. काळं तेल परातीत गळत राहिलं.
आत क्राउन, एकोणचाळीस दातांचा.
पिनियनला आठ.
त्यांनी फरशीवर खडूनं मांडलं:
एकोणचाळीस भागिले आठ,
गुणिले एकतीस, भागिले अठ्ठावीस.
"करा," म्हणाले, आणि बिडी शोधायला लागले.

सोळा वर्षं मी आठवीला त्रैराशिक शिकवते.
टायर घेताना मला
फक्त त्यांची उंची दिसली होती.

पाच पूर्णांक चार दशांश, जवळपास.
"त्रेचाळीसास आठ," ते बोलले,
माझ्या उत्तराकडे न बघता.

नव्या दातांना पिवळा रंग फासून
त्यांनी चाक हातानं फिरवलं,
उमटलेला ठसा वाचला चष्मा कपाळावर सारून.
"टाचेकडं लागतंय."
एक शिम घातली, पतंगाच्या कागदाएवढी.
पुन्हा रंग. पुन्हा ठसा.
दुपारची बांग झाली, ते उठले, परत आले,
आणखी एक शिम.

पैसे मागच्या एक्सलपुरतेच होते.
पुढचा राहिला एकोणचाळीसवर.
फोर बाय फोरच्या लिव्हरला त्यांनी सुती दोरी आवळली,
गाठीवर ग्रीसचा अंगठा उमटला.
"पुढचं एक म्हणतंय, मागचं दुसरंच.
दोघांना एकदम बोलवलंत
तर मधलं कायतरी मोडंल.
हे सोडायचं न्हाई. चिखल असू दे न्हाईतर काय बी."

भाद्रपदात कासच्या पुढे, शाळेच्या अलीकडच्या वळणावर
मागची चाकं जागच्या जागी फिरली.
माझा हात दोरीवर.
गाठ सुटली असती. जुनी, तेलकट, सैल पडलेली.
हात काढून घेतला, का ते माहीत नाही,
अंगठा बघत होता असं वाटलं.
आठवीतला किसन शेलार वरून उतरला,
"बाई, ढकलू?" म्हणाला
आणि उत्तर येण्याआधीच कारवी मोडायला लागला.
तासाभरात आम्ही निघालो,
गुडघ्यापर्यंत लाल.

दुसरा त्रेचाळीसवाला मिरजेच्या भंगारात सापडला.
गोणपाटात बांधून एसटीनं आला,
कंडक्टरनं त्याचं पूर्ण तिकीट लावलं.
पुन्हा पिवळा रंग, पुन्हा ठसा, पुन्हा बिडी.
शेवटी शिकलगारांनी दोरी कापली नाही.
नखानं सोडवली, वेळ घेऊन,
आणि घडी करून खिशात ठेवली.
कुणाच्या तरी लिव्हरला लागेल.

घाटात तिनं तिसरा धरला.
काटा पस्तीस म्हणाला, आणि पस्तीसच होते.
मी फार खूश झाले असं नाही.
घाट पूर्वीसारखा झाला, एवढंच.
उंचीवरून दरी मात्र जरा जास्त दिसत होती.

सहामाहीला मी प्रश्न घातला:
अठ्ठावीसचे एकतीस केले,
क्राउनचे दात किती हवेत?
किसनचा भागाकार दुसऱ्याच पायरीला चुकला.
खाली त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं,
"दोन्हीकडचं बदलावं लागेल.
नाहीतर कारवी आणावी."

पेपर अजून टेबलावर आहे.
गुण द्यायचे राहिलेत.