पंचेचाळीस पौंड

ऑनलाइनवाला बारा पौंडांना.
दोन तास व्हिडिओ, दहा प्रश्न,
चुकलं तर पुन्हा, मग सर्टिफिकेट.
कॅफेतल्या नोकरीला तेवढं चालतं, इलिंका म्हणाली.

चर्चच्या हॉलमधला पंचेचाळीस.
शनिवार अख्खा, डंडीच्या थंडीत,
गुडघे टेकून, रबरी माणसापुढे.
पंचेचाळीस म्हणजे दोन आठवड्यांचे
तांदूळ, दूध, अंडी.

दोन्ही पानं उघडी ठेवून मी भांडी घासली.

ऑक्टोबरात, नाणी टाकायच्या लाँड्रीत,
बाकावरून एक म्हातारा घसरला, अगदी हळू,
खाली पडलेलं काही शोधायला वाकावं तसा.
कुणी फोन केला. कुणी त्याच्या छातीवर ओणवं झालं.
मी भिंतीला पाठ लावून.
अँब्युलन्स गेली, मग त्याचं मशीन थांबलं.
मी त्याचे कपडे काढले, घड्या घातल्या.
बाहीवर बाही. मोजे जोडीने.
तेवढंच येत होतं मला.

फॉर्मवर विचारलंय: कोर्स कशासाठी?
नोकरी, अभ्यासक्रम, इतर.
मी नोकरीवर खूण केली.

शनिवारी मोरागबाई म्हणाल्या, कोपर सरळ,
आणि मोठ्याने मोजा.
तोंडून निघालं ते इस्लामपूरच्या सायकल दुकानातलं,
अण्णा पंपावर उभं करायचे तेव्हाचं:
सव्वीस, सत्तावीस,
कोपर वाकवलंस की हवा जात नाही, पोरी,
अठ्ठावीस, एकोणतीस,
आणि रबरी छाती
टक् करून वाजली.