ळ संपायचा तेव्हा

सावद्याच्या स्टेशनात वॅगनी लागल्या की
आमच्या खणात ळ संपायचा.
केळी, जळगाव, भुसावळ, वेळापत्रक –
एका पानाला किती लागतो, मोजा.
एकाच मापाचे सव्वीस खिळे,
त्यातले चार झिजून नुसते ठिपके.

'कानोसा'चे संपादक डोंगर सदू भंगाळे
प्रुफावरची मान वर न करता म्हणायचे,
"तडवी, माझ्या नावातला काढ."
आणि शेवटच्या पानाच्या तळाशी छापून यायचं:
संपादक : डोंगर सदू भंगाये.
गावाला काही खटकलं नाही.
गाव तसंच बोलतं,
डोया, केयी, काया.
वरणगावच्या एका मास्तरांनी मात्र
शुद्धलेखनावर खरमरीत पत्र धाडलं.
त्यात सात ळ होते.
सातही दिले.

सोसायटीच्या चेअरमनचा फोटो
एकदा आतल्या पानावर गेला,
कारण पहिल्यावर होती
चिनावलच्या विहिरीत दबलेल्या दोघांची नावं,
बापांच्या नावासकट.
पुढच्या आठवड्यापासून सोसायटीची जाहिरात बंद.
ती जागा भंगाळेंनी कोरीच ठेवली,
वर्षभर,
दोन कॉलम, चार इंच.
बाया तिच्यावर दुधाचा हिशेब लिहायच्या.

उखर्डू झोपेंना आम्ही एकदा मारलं.
गेलेला उखर्डू भुसावळचा, हे फैजपूरचे.
सायकल भिंतीला टेकवून आत आले,
"मी मेलो नही ना, भो."
भंगाळेंनी खुर्ची दिली. चहा सांगितला.
चूकदुरुस्ती पहिल्या पानावर, चौकटीत:
श्री. झोपे हयात आहेत. आम्ही दिलगीर आहोत.
तेव्हापासून दर शुक्रवारी ते स्वतः अंक न्यायला यायचे,
अजून हयात आहोत का, बघायला.

परवा जळगावच्या पेपरात तीन ओळी आल्या.
कॉम्प्युटरवर ळ संपत नाही.
भंगाळे पुरते भंगाळे होते,
आणि 'काळाच्या पडद्याआड' होते.
हे शब्द त्यांनी चाळीस वर्षांत
एकदाही पानावर चढू दिले नाहीत.
"वारले लिही, तडवी. ळही वाचतो."

दुपारी झोपे आले, नव्वदीचे, नातवाच्या मोटारसायकलवरून.
छापखान्यात आता झेरॉक्स आहे, मी आहे.
पेपरची घडी समोर ठेवून
नखानं ओळ दाबली,
"याची चूकदुरुस्ती कवा येईन, भो?"

मी खुर्ची दिली.
चहा सांगितला.