घसरतंय

दोरी ओढली की नुसतं सर्र,
शाफ्ट ढिम्म.
"वन-वे बेअरिंग घसरतंय," ऋजुता म्हणाली,
वय अकरा, आवाज सर्जनचा.

घणसोलीच्या गॅलरीत पेपर अंथरला.
चार स्क्रू. एक उडून कोरफडीच्या कुंडीत.
आतल्या बारीक रोलरांना जुनं तेल,
पाकासारखं.

बावीस वर्षं रबाळ्यात टर्नर होतो मी.
कंपनीचं आता गोदाम झालंय.

तिच्या आईचं नेलपेंट रिमूव्हर घेतलं,
शाफ्टवर बाराशेचा पॉलिशपेपर,
हलका, आडवा.
"एकीकडे सोडायचं, दुसरीकडे धरायचं,
एवढंच त्याचं काम."
"मग चुकतं कसं?"
"जास्त तेल पाजलंस."

तिसऱ्या ओढीला धूर.
वॉचमन वर बघतो.

कुंडीतला स्क्रू अजून सापडलेला नाही.
तीनवरच पळतेय.