कलम सात

कंपनीला टाळं लागलं त्याला आता चार महिने.
सोहारच्या बंदरामागे खजुराच्या जुन्या शेडमध्ये
आम्ही एकतीस जण मदत निधीवर आहोत.
दिवसाला एक कूपन: तांदूळ, डाळ, शुक्रवारी अर्धी कोंबडी.
त्याबदल्यात चार तास खजूर निवडायचा,
किडका डावीकडे, चांगला उजवीकडे.

भिंतीवर नियमांचा कागद आहे,
अर्धा अरबी, अर्धा इंग्रजी.
मी स्टोअरकीपर होतो, म्हणून संध्याकाळी सगळे म्हणतात,
हडकर, वाच.

पहिल्याच ओळीत अडलो.
त्यांनी आम्हाला कामगार म्हटलेलं नाही.
मजूर नाही, नोकर नाही, कैदी तर नाहीच.
आम्ही सहभागी.
इकबाल परकार म्हणाला, म्हणजे नफ्यातही भागी का रे?

सहभागीने वेळेवर यावे.
सहभागीने हातमोजे हरवू नयेत.
साडेबारा ते साडेतीन उन्हात काम सांगू नये.
आमच्या डोक्यावर पत्रा आहे.
पत्र्याला कुणी ऊन म्हणत नाही.
गैरहजर राहिल्यास तीन दिवस कूपन बंद.
हे वाचायच्या आधीच सगळ्यांना पाठ होतं.

राजलिंगूचा बाप करीमनगरकडे वारला.
त्याने चिता फोनवर पाहिली, पाण्याच्या टाकीमागे,
तिथेच रेंज येते.
चाळीस मिनिटं. मग चार्जिंग संपलं,
मग तो तिथेच बसून राहिला.
तीन दिवस आम्ही आपापल्या ताटातलं त्याला वाढलं.
तो म्हणाला, भूक नाही.
रोज म्हणाला, आणि रोज खाल्लं.

तिसऱ्या रात्री टॉर्च घेऊन कागद पुन्हा वाचला.
खाली, पंख्याच्या बोर्डाआड मुडपलेलं, कलम सात:
कूपन थांबवण्याआधी सहभागीला
त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी कळवावे
आणि त्याचे म्हणणे ऐकावे.

हे मी कधी वाचूनच दाखवलं नव्हतं.
बोर्डामुळे, असं म्हणू का?
खरं तर सहाव्यापर्यंत येता येता
मी स्वतःच कंटाळायचो.

सकाळी शेडला न जाता थुरैयाबाईंच्या टेबलापुढे उभा राहिलो.
म्हटलं, तक्रार आहे.
त्यांना हिंदी कळते, टीव्हीवरची.
म्हणाल्या, तक्रार? आमच्यात तक्रार म्हणजे
तेच ते पुन्हा.
म्हटलं, आमच्याकडेही शेवटी तेच होतं.
हसल्या नाहीत, पण खुर्ची दाखवली.
सगळं ऐकून म्हणाल्या, गरीब.
मला वाटलं, कीव केली.
नाही, म्हणाल्या, गरीब म्हणजे परका. दूरचा.
म्हटलं, दोन्ही लिहा.

हक्क मात्र समजावावा लागला नाही.
तो त्यांनीच आधी उच्चारला,
शेवटचा क घशात खोल नेऊन,
आडात घागर आदळावी तसा.

दोन दिवसांचं कूपन परत मिळालं.
तिसरा दिवस वरच्या साहेबांकडे गेलाय.
अजून तिथेच आहे.

राजलिंगूने भात शिजवला, पहिली मूठ पत्र्यावर ठेवली.
कावळे इथेही आहेत,
आपल्याच बंदरांतून बोटींवर बसून आलेले म्हणे.
एक आला. मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला.
इकबाल खालून पुटपुटला, घे बाबा, घे,
याला उद्या हजेरी आहे.
मग शिवला.

दुसऱ्या दिवशी सह्या.
माझ्या नावापुढे कालचे चार तास कोरे.
थुरैयाबाईंनी पेन उचललं, थांबल्या,
माझ्याकडे न बघता लिहिलं,
आणि नियमाप्रमाणे वाचूनही दाखवलं:
गैर हादिर.

याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.
मी सही केली. तिच्याखाली, जेवढी जागा होती तेवढ्यात,
बारीक अक्षरांत लिहिलं, कलम सात पाहा.
मराठीत.