विश्रांतीचा रकाना

वाडीच्या नाक्यामागे, धर्मकाट्याला लागून
आमचं पत्र्याचं ऑफिस.
मे महिन्यात कूलरचं पाणी दुपारीच संपतं
आणि वहीचं पान मनगटाला चिकटतं.
मी लिहिते.
गाडी नंबर, माल, वजन, चालक,
निघाली कधी, पोचली कधी.
शेवटून दुसरा रकाना विश्रांतीचा.

नियम मला पाठ आहे.
पाच तासांच्या वर सलग चालवायचं नाही,
मग अर्धा तास थांबायचं,
दिवसाचे तास आठ.
भिंतीवर लॅमिनेट करून टांगलाय,
संध्याकाळी ट्यूब लागली
की त्याच्यावर पाल येऊन बसते.

कोलकात्याची संत्री छत्तीस तासांत पोचावी लागतात,
नाहीतर खालच्या पेट्या पाणी सोडतात.
छत्तीस तासांत
मी माणसाला अठ्ठावीस तास चालवलंय
आणि सोळा तास झोपवलंय.
बेरीज कोणी करत नाही.
शेठ म्हणतात, सुनंदाबाई, तुमची वही बघून
इन्स्पेक्टरलाच झोप येते.

गेल्या पोळ्याला सुखदेव बागडे गेला,
साकोलीच्या अलीकडे, उभ्या ट्रेलरमध्ये शिरून.
पहाटेचे साडेचार, ब्रेकचा डाग नाही रस्त्यावर.
विम्याचा माणूस आला, पानाची झेरॉक्स घेतली.
अक्षर स्वच्छ आहे तुमचं, म्हणाला.
विश्रांती : आठ तास.

त्यानंतर मी दोन दिवस सुट्टी घेतली.
तिसऱ्या दिवशी परत लिहायला बसले.

होळीच्या आधी कवडू मसराम आला,
ग्रीसचा अंगठा टेबलावर टेकवून उभा राहिला.
"बाई, थे वही दाखवा मले."
कायले, म्हटलं.
"दाखवा ना जी."
त्याला अक्षर लागत नाही, आकडे लागतात.
"हे आठ कायचे?"
झोपेचे.
"कुठी झोपलो?"
देवरीच्या पुढे, ढाब्यावर.
"देवरीले तं म्या टायर बदलवत होतो.
आन् हे आठ?"
संबलपूर.
तो हसला. दात नव्हते पुढचे दोन.
"समदे मांडा बाई. किती निंगते माझी झोप?"

मी कॅल्क्युलेटर काढला.
एकशे अडतीस वेळा आठ.
एक हजार एकशे चार तास,
म्हणजे सेहेचाळीस दिवस, रात्रीसकट.
एकाच वहीतले.
जुन्या वह्या कपाटावर आहेत, त्यांना मी हात लावला नाही.

"थे देऊन टाका मले आता," तो म्हणाला,
उधारी मागावी इतक्या साध्या आवाजात.
आणि बाहेर गेला.
आधी लाकडी गुटका मागच्या चाकाखाली ठोकला,
मग काट्याजवळच्या बाकावर
दुपट्टा तोंडावर घेऊन आडवा झाला.

शेठचा फोन आला. मसराम निघाला का?
कळमन्यात पेट्या भरून तयार आहेत.
मी म्हटलं, गाडी उभी आहे.
काहून?
मी पालीकडे बघितलं.
नियमानं, म्हटलं.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज,
मग फोन ठेवल्याचा.

पगारातून ते कापतील. उद्या कदाचित
हीच वही दुसऱ्या कोणाच्या अक्षरात असेल.
तरी घड्याळ बघून मी लिहिलं, दोन वाजून वीस मिनिटं,
आणि पुढची जागा
मोकळी सोडली.

काट्यावर भरलेल्या गाड्या येत राहिल्या,
प्रत्येकीसरशी बाक हादरत होता.
तो उठला नाही.
चाकाखाली गुटका आहे,
मी स्वतः जाऊन बघून आले.