ठसा

माहुलच्या एका गल्लीत, नळाच्या मागे
कमरेइतका पुरलेला दगड.
वर चंद्र, सूर्य, मध्ये कलश.
चांगुणा भोईर रोज तेल घालते,
तिचा तो चेडोबा.

ओला कागद चढवला, ब्रशाने थापटला,
शाईचा बोळा फिरवला हलक्या हाताने,
आणि राजा बोलू लागला, अर्धामुर्धा:
स्वस्ति... महामंडलेश्वर...
एक फुलबाग, बारा पोफळी, कुठल्याशा मठाला,
आचंद्रार्क.
पुढची ओळ मातीत.

तिच्या पोराने पहार आणलीच होती.
वीतभर उकरलं तर गाढवाचे कान निघाले.
मग ती.
केस मोकळे, तोंड झिजून गुळगुळीत.

"काय लिवलंय?"
वाचून दाखवलं मी, शब्द गिळत,
स्वतःच्या चपलांकडे बघत:
जो हे शासन मोडील, त्याच्या आईला...

चांगुणा खाली बसली.
पदराने त्या तोंडातली माती काढली,
लहान पोराच्या तोंडातली काढावी तशी.
"मोरनारा येगला," म्हणाली, "लिवनारा येगला.
हिनी काय मोरला?"

तिच्या दारावर लाल रंगात एक आकडा आहे,
खाली चिकटवलेला कागद:
शासन निर्णय, मुदत सात दिवस.
तो वाचून दाखव असं ती म्हणाली नाही.

ठसा वाळला. सोलून घेतला.
अक्षरं छान पांढरी उठलीत.
बाईच्या जागी नुसती झीज.

सहाव्या दिवशी पुन्हा गेलो.
चंद्र-सूर्य कोरडे होते.
तेल खाली होतं,
तिच्या केसांत.